जाणता मालक आणि अज्ञान वादी : आप्ताच्या कुत्र्याने इजा झालेल्या बालकाच्या दाव्याचा इतिहास

लहान मुलाला कुत्रा चावला आणि तो कुत्रा परक्याचा असला, म्हणजे नुकसानभरपाईचा प्रश्न अवघड असला तरी सरळ असतो. एका बाजूस इजा झालेले मूल, दुसऱ्या बाजूस कुत्र्याचा मालक आणि मध्ये न्यायालय. परंतु तोच कुत्रा काकाचा, मावशीचा किंवा आजोबांचा असला म्हणजे ही मांडणी विसकटते. मुलाच्या वतीने दावा लावावयाचा तो त्याच्या बापाने, आणि लावावयाचा तो आपल्या सख्ख्या भावावर. साक्षीला येणार तीही घरचीच माणसे. कुत्र्याचा स्वभाव कसा होता हे त्यांना ठाऊक असते, आणि मूल त्या दिवशी कोणाच्या भरवशावर खेळत होते, हेही. लहान मुलांना होणारे श्वानदंश बहुधा अनोळखी कुत्र्याचे नसून घरच्या किंवा ओळखीच्या कुत्र्याचे असतात. तेव्हा हा प्रश्न अपवादात्मक म्हणून बाजूस सारता येण्याजोगा नाही.

ह्या प्रश्नाचा इतिहास पाहू गेल्यास त्यात दोन धागे आढळतात. पहिला जाणिवेचा : कुत्रा चावरा आहे हे मालकाला ठाऊक होते काय? दुसरा उंबरठ्याचा : एकाच घरातील माणसांना परस्परांविरुद्ध न्यायालयाची पायरी चढता येते काय? दोन्ही धागे फार जुने आहेत आणि दीर्घ काळ ते एकमेकांपासून अलग राहिले. इंग्लंड व अमेरिका यांच्या गेल्या दीडशे-दोनशे वर्षांतील निर्णयांत व कायद्यांत ते एकमेकांत गुंतले आणि त्यातून आजचे चमत्कारिक रूप सिद्ध झाले. कायद्याने घराची जी भिंत मोठ्या प्रयासाने पाडली, ती विम्याच्या करारातील एका व्याख्येने पुन्हा उभी केली, हे त्या रूपाचे मुख्य लक्षण होय.

शब्दांकडे लक्ष देणाऱ्यास ह्या इतिहासात आणखी एक मौज दिसते. मराठी कायदेभाषेत अठरा वर्षांखालील व्यक्तीला 'अज्ञान' म्हणतात. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर मुलाच्या नावापुढे येणारी 'अ. पा. क.' ही अक्षरे 'अज्ञान पालनकर्ता' ह्याचीच. इंग्रजी कायद्यात कुत्र्याच्या मालकाचे दायित्व ज्या शब्दावर उभे होते तो 'सायेंटर' हा लॅटिन शब्दही 'जाणणे' ह्या अर्थाच्या धातूपासूनच निघालेला आहे. म्हणजे मराठीत मांडावयाचे तर वादी 'अज्ञान' आहे हे उघडच असते. प्रतिवादी 'जाणता' होता काय, एवढाच काय तो वाद.

जाणिवेचा हा धागा किती मागे जातो ते पाहण्यासारखे आहे. बगदादजवळील तेल हरमल येथील उत्खननात सापडलेल्या आणि १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या एश्नुन्नाच्या कायद्यात कुत्र्याविषयी स्वतंत्र कलम आहे. हा कायदा ख्रिस्तपूर्व अठराव्या शतकाच्या आसपासचा समजला जातो. कुत्रा घातक आहे असे पेठेच्या अधिकाऱ्यांनी मालकास कळविले असूनही त्याने बंदोबस्त केला नाही, आणि कुत्रा चावून मनुष्य मेला, तर मालकाने ४० शेकेल चांदी द्यावी. मेलेला मनुष्य गुलाम असेल तर १५. जाणीव येथे मनातील गोष्ट नाही. ती अधिकाऱ्यांनी कळविल्यामुळे निर्माण होते, म्हणून ती सिद्ध करणेही सोपे. हिब्रू धर्मशास्त्रात, निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात, हीच रचना मारक्या बैलाविषयी आहे. तेथे एक लहानसे वाक्य अधिक आहे : बैलाने मुलाला किंवा मुलीला मारले तरी हाच नियम लागू करावा. बालकाचा हा वेगळा उल्लेख सहज आलेला नसावा. अपत्याच्या जिवाबद्दल दुसऱ्याचे अपत्य घेण्याची शिक्षा त्या काळी अपरिचित नव्हती. ती येथे वर्ज्य केलेली दिसते.

रोमन कायद्याने जाणिवेचा प्रश्न मुळातच टाळला. ख्रिस्तपूर्व ४५१-४५० च्या सुमाराच्या द्वादश फलकांपासून चालत आलेल्या दाव्याचे नाव 'पॉपेरिएस'संबंधीचा दावा असे होते. ह्याच शब्दाचा लॅटिनमध्ये 'दारिद्र्य' असाही अर्थ होतो. कायद्याच्या परिभाषेत मात्र त्याचा अर्थ, कर्त्याच्या अपराधावाचून झालेले नुकसान, असा अल्पियनने सांगितला आहे. कारण पशूला बुद्धी नाही आणि ज्याला बुद्धी नाही त्याच्याकडून अपराध घडत नाही. चतुष्पादाने नुकसान केले तर मालकापुढे दोन मार्ग असत. त्याने भरपाई द्यावी किंवा तो पशूच नुकसान झालेल्याच्या स्वाधीन करावा. मालकाला पशूचा स्वभाव ठाऊक होता की नव्हता, हे कोणी विचारीत नसे. कुत्र्याला घेऊन चाललेल्या माणसाच्या हातून तो निसटला, आणि दुसऱ्या कोणाला तो अधिक नीट आवरता आला असता किंवा त्याला तशा जागी न्यावयासच नको होते असे दिसले, तर मात्र पॉपेरिएसचा दावा संपे आणि दोष धरणाऱ्याकडे जाई.

बालकाच्या दृष्टीने रोमन ग्रंथांतील सर्वांत मोलाचा उतारा गायसचा आहे आणि तो जस्टिनियनच्या 'डायजेस्ट'मध्ये जतन झाला आहे. कुटुंबप्रमुख किंवा त्याच्या सत्तेखालील पुत्र चतुष्पादाकडून जखमी झाला तर दावा चालतो, असे गायस सांगतो. मात्र भरपाई ठरविताना विद्रूपतेचा विचार करावयाचा नाही, कारण स्वतंत्र माणसाच्या शरीराचे मोल करता येत नाही. उपचाराचा खर्च आणि बुडालेले काम एवढेच हिशेबात धरावयाचे. म्हणजे रोमन मुलाच्या गालावर जन्मभर राहणाऱ्या व्रणाची किंमत शून्य, आणि ती शून्य असण्याचे कारण त्याचे स्वातंत्र्य! गुलामाच्या अंगावरील व्रणाला बाजारात किंमत होती. कुत्र्याच्या चाव्याने मुलाचा चेहरा विद्रूप होणे हेच आज ह्या दाव्यांतील भरपाईचे सर्वांत मोठे अंग असते; तेव्हा ह्या एका बाबतीत रोमन कायदा आणि आधुनिक कायदा अगदी समोरासमोरच्या टोकांवर उभे आहेत असे म्हणावे लागते. ह्याखेरीज बाजारव्यवस्था पाहणाऱ्या ईडाइल नामक अधिकाऱ्यांच्या जाहीरनाम्यात, लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर कुत्रा, रानडुक्कर, लांडगा, अस्वल, सिंह इत्यादी ठेवण्यास मनाई होती. स्वतंत्र मनुष्य मेला तर २०० सॉलिडी, जखमी झाला तर न्यायाधीशाला उचित वाटेल ती रक्कम, असा त्याचा दंड होता. सिंहाच्या पंक्तीला कुत्रा बसविणारा हा जाहीरनामा वाचताना आधुनिक वाचकास थोडे हसू येईल.

मग काकाच्या कुत्र्याचे काय? येथे उंबरठ्याचा धागा पुढे येतो. गायसच्याच 'इन्स्टिट्यूट्स'मध्ये सांगितले आहे की, कुटुंबप्रमुख आणि त्याच्या सत्तेखालील व्यक्ती यांच्यात कोणतेही ऋण निर्माण होऊ शकत नाही, म्हणून दावाही होऊ शकत नाही. रोमन कुटुंबात आजोबा हयात असेतो, आणि त्यांनी पुत्रांना सत्तेतून मुक्त केले नसेल तर, बाप आणि काका दोघेही आजोबांच्याच सत्तेखाली असत. नातूही तसाच, आणि कायद्याच्या दृष्टीने कुत्राही आजोबांचाच. म्हणजे वादी, प्रतिवादी आणि कुत्रा ही तिन्ही एकाच मालकीत! दावा कोणी आणि कोणावर करावयाचा? आजोबा वारले की दुसऱ्या दिवसापासून हाच चावा दाव्याला पात्र होई. एकत्र कुटुंबाची सवय असलेल्या मराठी वाचकास ही स्थिती समजावून सांगावी लागू नये. फरक इतकाच की, हिंदू एकत्र कुटुंबात सहभागीदारांचे हक्क जन्मतःच मान्य होते, रोमन पुत्राचे नव्हते.

धर्मशास्त्रकारांनी हा प्रश्न निराळ्याच बाजूने पाहिला. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात, आणि त्याच आशयाने कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दाढांच्या व शिंगांच्या पशूंविषयी नियम आहे. पशू कोणावर तुटून पडला असता, सोडविणे शक्य असूनही जो मालक सोडवीत नाही, त्याला प्रथम साहसाचा दंड; आणि संकटात सापडलेल्याने आरडाओरडा केला असूनही सोडविले नाही, तर दुप्पट. कुत्र्याचे नाव तेथे वेगळे नाही. परंतु दोष कोठे ठेवला आहे हे मननीय आहे. मालकाला आधी काय ठाऊक होते, हा येथे प्रश्नच नाही. त्या क्षणी तो काय करीत होता, हा आहे. मूल ओरडते आहे आणि मालक ओसरीवर बसून आहे, हे चित्र स्मृतिकारांच्या डोळ्यांपुढे असावे असे वाटते. मात्र दंड राजाकडे जातो. त्यातून मुलाच्या वाट्याला काही येत नाही. हीच दंडाची बाजू पुढे ब्रिटिश काळात १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम २८९ मध्ये आणि १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये दिसते. तुरुंगवासाची कमाल मर्यादा दोहोंत सहा महिन्यांचीच आहे. द्रव्यदंडाची मात्र एक हजार रुपयांवरून पाच हजारांवर गेली आहे. भरपाईसाठी भारतात दिवाणी दावाच करावा लागतो, आणि त्याचे तत्त्व संहितेत नसून इंग्लंडमधून आलेल्या अपकृत्याच्या कायद्यात आहे. म्हणून ह्या विषयाच्या भारतीय अभ्यासकालाही इंग्लंडकडे वळणे भाग पडते.

इंग्लंडात नवव्या शतकाच्या उत्तरार्धात राजा आल्फ्रेडच्या कायद्याने कुत्र्याच्या चाव्याचा भावच ठरवून दिला होता. पहिल्या गुन्ह्यास ६ शिलिंग आणि त्यानंतरही मालक कुत्र्याला पोशीत राहिला तर दुसऱ्यास १२ व तिसऱ्यास ३०. कुत्रा पळून गेला तरी देणे टळत नसे. ह्या चढत्या भाजणीत जाणिवेचा विचार आहेच. पण पहिला चावाही फुकट नाही, हे विसरता कामा नये. पुढे मध्ययुगात दाव्यांचे साचे ठरत गेले तेव्हा वादीला आपल्या लेखी मांडणीत असे म्हणावे लागे की, प्रतिवादीने चावण्याची सवय असलेला कुत्रा 'जाणूनबुजून' ठेवला. ह्या 'जाणूनबुजून'चा लॅटिन शब्द म्हणजे 'सायेंटर'. मूळचे हे साधे क्रियाविशेषण. परंतु वकिलांच्या तोंडी ते इतके रुळले की त्याचे नाम झाले आणि 'सायेंटर सिद्ध करणे' असा प्रयोग रूढ झाला. एका क्रियाविशेषणाने दाव्याच्या सर्व शब्दांना मागे सारून कायद्याचे तत्त्व बनावे, ह्याचे ह्याहून ठळक उदाहरण इंग्रजीत सहसा सापडणार नाही.

१८४६ साली 'मे विरुद्ध बर्डेट' ह्या खटल्यात हे तत्त्व निश्चित झाले. त्यातला प्राणी कुत्रा नसून माकड होते, ही गोष्ट निराळी. माणसावर हल्ला करण्याचा प्राण्याचा स्वभाव ठाऊक असूनही जो तो बाळगतो, त्याचा निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करण्याचे कारण नाही. बाळगणे हाच दोष, असे न्यायालयाने म्हटले. ह्या नियमाची दुसरी बाजू मात्र मुलांना महाग पडली. स्वभाव ठाऊक नव्हता म्हटले की मालक सुटला. कुत्र्याला एक चावा माफ, असे लोक म्हणू लागले ते ह्यामुळे. शब्दशः हे खरे नाही. साखळीच्या टोकापर्यंत धावून येऊन कुत्रा येणाऱ्याजाणाऱ्याला चावू पाहत असे, एवढा पुरावा १८६६ सालच्या एका खटल्यात पुरेसा ठरला होता. दुसऱ्याच वर्षी 'ग्लॅडमन विरुद्ध जॉन्सन' ह्या खटल्यात, कुत्र्याविषयीची तक्रार घरी पत्नीजवळ केली होती, हे पतीला ठाऊक असल्याचा पुरावा म्हणून ग्राह्य धरले गेले. घरातील एकाची जाणीव ती सर्व घराची जाणीव, ह्या कल्पनेकडे टाकलेले हे एक पाऊल होय. पुतण्याच्या दाव्यात ह्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. कुत्रा गुरगुरतो हे काकू नणंदेजवळ सहज बोलून गेलेली असते, आणि तेच वाक्य पुढे पुरावा होऊन बसते.

एकीकडे मुलाला ही जाणीव सिद्ध करावी लागत असता मेंढरांची मात्र लवकर सुटका झाली. एका शिकारी कुत्र्याने मेंढ्या मारल्याचा स्कॉटलंडमधील खटला १८५५ साली लॉर्डांच्या सभेपुढे आला आणि तेथेही मालकाचा दोष दाखविणे आवश्यक ठरविले गेले. मेंढपाळ व जमीनदार गप्प बसणारे नव्हते. १८६३ साली स्कॉटलंडसाठी व १८६५ साली इंग्लंडसाठी कायदे होऊन, गुरे व मेंढ्या यांना कुत्र्याने इजा केल्यास पूर्वस्वभाव ठाऊक असल्याचे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. १९०६ साली ही सवलत घोडे, गाढवे, शेळ्या व डुकरे यांनाही मिळाली. मुलाला ती मिळाली नाही. १९७१ च्या इंग्लंडमधील प्राणिविषयक कायद्याने जुना सायेंटरचा नियम रद्द केला असे म्हणतात. पण पशुधनाची हानी झाली तर मालक सरळ जबाबदार, आणि माणसाला इजा झाली तर मालकाला त्या प्राण्याचे विशेष लक्षण ठाऊक असले पाहिजे, हा भेद त्यातही कायम आहे. माणसाविषयीच्या कलमाची शब्दरचना इतकी गुंतागुंतीची आहे की, २००३ साली लॉर्डांच्या सभेत पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी तिचा एक अर्थ लावला आणि दोघांनी दुसरा. एरवी शांत असणारी कुत्री पिलांजवळ कोणी गेले की चावते. असे प्रसंगविशेषी दिसणारे लक्षणही दायित्वाला पुरते, असा बहुमताचा आशय होता. स्कॉटलंडने १९८७ साली ह्या भानगडीतून अंग काढून घेतले. तेथील कायद्यात, कुत्रा आवरला नाही तर चावून गंभीर इजा करण्याचा संभव आहे, असे गृहीतच धरलेले आहे.

१९७१ च्या कायद्यातील एक तरतूद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष आहे. घरातील सोळा वर्षांखालील मुलाच्या मालकीचा किंवा ताब्यातला कुत्रा असेल, तर त्या घराचा प्रमुखही त्याचा 'बाळगणारा' ठरतो. आणि त्या मुलाला कुत्र्याचे जे लक्षण ठाऊक असेल ते प्रमुखालाही ठाऊक असल्यासारखे मानले जाते. म्हणजे चुलत भावाचा लाडका कुत्रा पुतण्याला चावला तर काका असे म्हणू शकत नाही की, कुत्रा मुलाचा, मला काय माहीत! 'अज्ञाना'ची जाणीव 'जाणत्या'च्या माथी येते, असा हा शब्दविलास आहे. पण व्यवहारात तो शहाणपणाचा आहे.

आतापर्यंत मालकाचा विचार झाला. मुलाच्या बाजूने दोन प्रश्न उरतात : त्याने स्वतः काय केले, आणि त्याला सांभाळणाऱ्यांनी काय केले. पहिल्याचे उत्तर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कायद्याने फार नेटके दिले आहे. तेथे मालकाची जाणीव पाहिली जात नाही, पण कुत्र्याला छळणाऱ्याला भरपाई मिळत नाही. आणि इजा झालेले मूल सात वर्षांखालील असेल तर त्याने कुत्र्याला छळले नव्हते असे गृहीत धरून, छळले होते हे सिद्ध करण्याचे ओझे मालकावर टाकले आहे. दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास मात्र कडू आहे. न्यूयॉर्कमध्ये १८३९ साली, रस्त्यावर बसलेल्या सुमारे दोन वर्षांच्या मुलावर घसरगाडी गेली असता, आईबापांचा निष्काळजीपणा हा मुलाचाच निष्काळजीपणा समजून त्याचा दावा फेटाळण्यात आला. इंग्लंडात १८५८ साली आजीबरोबर रेल्वेचे रूळ ओलांडताना जखमी झालेल्या मुलाचीही हीच गत झाली. आजीची चूक ती नातवाची चूक. हा नियम इंग्लंडात १९३३ साली दुसऱ्या एका नातवाच्या खटल्यात निकालात निघाला. ह्या वेळी बरोबर आजोबा होते आणि समोरून आली होती ती बस. आप्तांवर विसंबण्यापलीकडे ज्याला गत्यंतर नाही, त्याच्याच दाव्याला त्या आप्तांची चूक बाधावी, हा न्याय पाऊणशे वर्षे टिकला, ह्याचे आज नवल वाटते.

दावा चालवावयाचा कोणी, हाही प्रश्न शब्दाशी निगडित आहे. अज्ञानाच्या वतीने दावा लावणाऱ्याला इंग्रजी न्यायालयांत नॉर्मन फ्रेंचमधून आलेल्या शब्दांनी 'सर्वांत जवळचा मित्र' म्हणत. इंग्लंडने १९९९ साली त्याऐवजी 'दाव्यातील मित्र' असा शब्द घेतला. मराठी विधिपरिभाषेतील 'वादमित्र' हा शब्द ह्या नव्या अर्थाशी अगदी जुळतो. भारतीय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या बत्तिसाव्या आदेशाप्रमाणे असा वादमित्र न्यायालयाच्या परवानगीवाचून अज्ञानाच्या वतीने तडजोड करू शकत नाही. परक्याविरुद्धच्या दाव्यात ही तरतूद औपचारिक वाटेल. परंतु वादमित्र हा प्रतिवादीचा सख्खा भाऊ असला, आणि घरच्या वडील मंडळींनी दोघांना समोरासमोर बसवून प्रकरण मिटवावयाचे ठरविले असले, म्हणजे मुलाचा हक्क दिवाणखान्यात सोडून दिला जाऊ नये, एवढ्यासाठीच ही परवानगी आहे हे ध्यानात येते. शिवाय मुदतही थांबते. भारतात १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने सज्ञान झाल्यावर जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत, आणि इंग्लंडात एकविसाव्या वाढदिवसापर्यंत, त्या मुलाला स्वतः दावा करता येतो. बापाने नात्याखातर जे केले नाही ते मुलगा मिशी फुटल्यावर करू शकतो.

आता उंबरठ्याकडे. इंग्लंडात मुलाने आईबापांवर दावा करण्यास तत्त्वतः मनाई अशी नव्हती. १६९६ साली एका मुलीने आपल्याला मारून कोंडून ठेवल्याबद्दल आईवर दावा केल्याची नोंद आहे. मनाई निर्माण केली ती अमेरिकेतील न्यायालयांनी, आणि तीही बरीच उशिरा. १८९१ साली मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने 'ह्युलेट विरुद्ध जॉर्ज' ह्या खटल्यात, कुटुंबाची शांती राखण्यासाठी अज्ञान अपत्याला आईबापांवर भरपाईचा दावा करता येऊ नये, असे ठरविले. आधारादाखल पूर्वीचा एकही निर्णय दाखविलेला नव्हता. १९०३ साली टेनेसी आणि १९०५ साली वॉशिंग्टन राज्याने तोच मार्ग धरला. वॉशिंग्टनमधील खटला तर मुलीवरील अत्याचाराबद्दल शिक्षा झालेल्या पित्याविरुद्ध होता. त्या घरात राखावयाची शांती कोणती उरली होती, हे न्यायालयाने विचारले नाही. उलट मुलगी पुढे वारली तर वारस म्हणून भरपाई पित्याकडेच परत जाईल, असले कारण पुढे केले. ही मनाई आईबापांपुरती, आणि काही राज्यांत त्यांच्या जागी असलेल्यांपुरती होती. काका, मावशी, वेगळे राहणारे आजोबा यांना ती कधीच उपलब्ध नव्हती. भावंडांपैकी एकाला दुसऱ्यावर दावा करता येतो, असे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली स्पष्ट केले. तरीही तिची छाया साऱ्या नातलगांवर पडली. घरातल्या घरात दावा म्हणजे अशोभनीय कृत्य, ही भावना कायद्याच्या अक्षरापेक्षा नेहमीच रुंद असते.

ह्या भावनेला धक्का दिला तो विम्याने. १९५० च्या दशकापासून अमेरिकेत घराच्या आगीचोरीबरोबरच घरमालकाच्या दायित्वाचाही अंतर्भाव करणारे विमे सर्रास होऊ लागले. आता पुतण्याला मिळणारी रक्कम काकाच्या खिशातून जात नव्हती. १९६३ साली विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने 'गॉलर विरुद्ध व्हाइट' ह्या खटल्यात, पालनकर्त्या पित्याच्या ट्रॅक्टरवर जखमी झालेल्या मुलाला दावा करण्याची मुभा देताना विम्याचा उघड उल्लेख केला आणि जुनी मनाई दोन अपवाद वगळून रद्द केली. १९७१ साली कॅलिफोर्नियाने ती रद्द केली. ह्या संक्रमणात युक्तिवाद कसा उलटला हे पाहणे उद्बोधक आहे. १८९१ मध्ये भीती होती ती दाव्याने घरातील प्रेम आटेल ही. विमा आल्यावर भीती उत्पन्न झाली ती प्रेम फार असल्यामुळे काका आणि पुतण्या संगनमत करून विमा कंपनीला बुडवतील ही! दोन्ही भीतींचा उपाय मात्र एकच सुचविला गेला, तो म्हणजे मुलाचा दावा बंद करणे.

न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयाने १९७४ साली एक सूक्ष्म भेद केला. नीट लक्ष ठेवले नाही एवढ्या कारणावरून मुलाला आईबापांवर दावा करता येणार नाही, असे त्याने ठरविले, आणि त्यामागे हिशेब मुलाच्याच हिताचा होता. कारण तसा दावा मान्य केला तर कुत्र्याचा मालक म्हणणार, माझ्याबरोबर मुलाची आईही दोषी आहे, तिचा वाटा तिच्याकडून घ्या. आणि मुलाच्या भरपाईतील काही भाग त्याच्याच घरातून वसूल होणार. आप्तांच्या दाव्यात हा प्रतिवाद हमखास पुढे येतो. ह्याच न्यायालयाने २००६ पासून पाळीव प्राण्याच्या मालकावर केवळ निष्काळजीपणाचा दावा चालणार नाही, पूर्वस्वभावाची जाणीवच दाखविली पाहिजे, असा कडक नियम धरला होता. तो त्याने २०२५ साली मागे घेतला. कॅलिफोर्नियाने जाणिवेची अट १९३१ सालीच कायदा करून काढून टाकली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या बाबतीत एकाच देशातील दोन राज्यांत किती अंतर असू शकते ते दिसते.

विमा मागे उभा असला तरी बहुतेक राज्यांत दावा लावावयाचा तो नातलगाच्या नावानेच. कंपनीचे नाव प्रतिवादी म्हणून घालता येत नाही. विस्कॉन्सिनसारखी थोडी राज्ये ह्याला अपवाद आहेत; लुइझियानाही २०२४ पर्यंत तसाच अपवाद होते. ह्या नियमाचे विपरीत फळ कनेक्टिकटमध्ये २०१५ साली जगाला दिसले. तेथे प्रसंग उलटा होता : वाढदिवशी धावत येऊन मिठी मारणाऱ्या आठ वर्षांच्या भाच्यामुळे मावशीचे मनगट मोडले होते, आणि खटल्याच्या वेळी बारा वर्षांचा झालेला तो मुलगा प्रतिवादी म्हणून न्यायालयात बसला होता. वृत्तपत्रांनी मावशीवर टीकेची झोड उठविली. पंचांनी तिला एक पैसाही दिला नाही. घराच्या विम्यातून औषधपाण्याचा खर्च मिळविण्यास त्या राज्यात दुसरा मार्गच नव्हता, हे स्पष्टीकरण मागाहून आले आणि ते फारसे कोणी ऐकले नाही. दाव्याचे शीर्षक एक सांगते आणि दाव्याचा अर्थ दुसराच असतो; सामान्य वाचक शीर्षकच वाचतो.

विमेदारांना मात्र दोन्ही वाचता येतात. अमेरिकेतील घराच्या प्रचलित विमापत्रात 'विमाधारक' ह्या शब्दाची व्याख्या केवळ पत्र घेणाऱ्यापुरती नसते. त्याच्या घरात राहणारे त्याचे नातलग, आणि त्याच्या देखरेखीखाली त्या घरात राहणारी एकवीस वर्षांखालील इतर व्यक्ती, हे सर्व त्या व्याख्येत येतात. पुढे अपवादांच्या यादीत एक ओळ असते : विमाधारकाला झालेल्या शारीरिक इजेबद्दल कंपनी काही देणार नाही. दोन्ही कलमे एकत्र वाचली की परिणाम उघड होतो. सुट्टीत चार दिवस काकाकडे आलेल्या पुतणीला कुत्रा चावला तर विमा लागू. तीच पुतणी आईबाप वारल्यामुळे काकाकडे राहत असेल तर ती स्वतःच 'विमाधारक', आणि म्हणून तिला काही नाही. ज्या मुलाला काकाच्या घराखेरीज दुसरा आधार नाही, त्याचाच आधार ही व्याख्या काढून घेते. दावा करण्याचा तिचा हक्क न्यायालयांनी मान्य केलेला असतो. परंतु तो आता खरोखरच काकाच्या खिशावर, म्हणजे ज्या घरात ती जेवते त्याच घराच्या तिजोरीवर असतो. 'सत्ता' ह्या रोमन शब्दाने जे केले ते 'घरात राहणारा' हे साधे शब्द करतात. शिवाय हा कायदा विधिमंडळाने केलेला नाही की न्यायालयाने, तो छापील कराराच्या बारीक टंकात आहे.

म्हणून गेल्या काही दशकांत ह्या प्रकारच्या तंट्यांत युक्तिवादाचा भर कुत्र्याच्या स्वभावावरून सरकून 'राहणे' ह्या क्रियापदाच्या अर्थावर आला आहे. घटस्फोटित आईबापांचे मूल आठवड्यातील काही रात्री एका घरी आणि काही दुसऱ्या घरी काढीत असते; त्यातील एका घरी आजीआजोबा आणि त्यांचा कुत्रा असतो. ते मूल त्या घरात 'राहते' की तेथे 'येते'? न्यायालये त्यासाठी मूल कोठे झोपते, त्याचे कपडे व पुस्तके कोणत्या कपाटात आहेत, शाळेने कोणता पत्ता नोंदविला आहे, त्याला तेथे ठेवण्याचा हेतू कायमचा होता की तात्पुरता, अशा गोष्टी तपासतात. काही निर्णयांत एकाच मुलाची दोन घरे मान्य झाली आहेत. तेव्हा आजोबांच्या घरी त्याचा एक पलंग आहे, एवढ्यावरून त्याच्या जखमेची भरपाई नाकारली जाण्याचा संभव असतो. कुत्रा चावरा होता हे आजोबांना ठाऊक होते काय, ह्या प्रश्नापर्यंत असा दावा पुष्कळदा पोचतच नाही.